गुरुवारची चाचणी

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, धान्यच नव्हतं. आधीच्या हंगामात तूर गेली होती, सोयाबीन गेलं होतं. एरवी पोत्यांच्या थप्प्यांनी आणि हमालांच्या ओरडण्याने भरलेलं सौद्याचं सिमेंटचं आवार सकाळी रिकामं पडलेलं असायचं. शहरातल्या स्केटिंग करणाऱ्या मुलांना एवढी मोठी, सलग, गुळगुळीत जागा कधीच मिळाली नव्हती. "दुष्काळानं ट्रॅक दिला आपल्याला," असं आमचे प्रशिक्षक म्हणायचे, आणि म्हणून झाल्यावर आडत्यांपैकी कोणी ऐकलं तर नाही ना, हे मागे वळून बघायचे.

मी तेव्हा एका दैनिकाच्या लातूर आवृत्तीत उपसंपादक होतो. मुलगी तेरा वर्षांची होती आणि तीन वर्षं स्पीड स्केटिंग करत होती. तिला सकाळी मोंढ्यात सोडायला मी जायचो. इतर पालक मोबाइल बघत बसायचे. मी बघायचो ते प्रशिक्षकांची वही. तिच्यात आकडे उभे, आडवे, तिरपे, कुठेही लिहिलेले असत. एकदा मी म्हणालो, "सर, यातून तुम्हाला काय कळतं?" ते म्हणाले, "साहेब, मलाच कळत न्हाई. तुम्ही पेपरवाले. तुमच्या हातून आकडा चुकत न्हाई. घ्या." वही माझ्याकडे आली ती अशी.

प्रशिक्षक मूळचे नायगावकडचे. एका खासगी शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांचं म्हणणं असं की, लातूरसारख्या ठिकाणी नुसती शर्यत लावून मुलं निवडली तर ज्याच्या बापाने महाग स्केट घेऊन दिले तो पुढे जातो. "चाकं दुकानात मिळतात. मांड्या न्हाई मिळत," हे त्यांचं वाक्य पालकांच्या प्रत्येक बैठकीत यायचं. म्हणून त्यांनी सर्वंकष तंदुरुस्तीची चाचणी बसवली होती. सात बाबी होत्या. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणातच मोजलेली नाडी, आठवडाभराची. बारा मिनिटांची धाव. जागेवरून लांब उडी. बसून पायाच्या अंगठ्यांपलीकडे वाकणं. भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात ठेवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसणं. याला मुलं 'भिंतखुर्ची' म्हणत. ओट्याच्या पायरीवर तीन मिनिटं चढ-उतार आणि त्यानंतर एका मिनिटाने पुन्हा नाडी, म्हणजे हृदय किती लवकर शांत होतं ते. आणि शेवटी स्केटवर एक फेरी, पूर्ण वेगात. प्रत्येक बाबीत क्रमांक लावायचे, सातही क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो पहिला.

पद्धत चांगली होती. आजही माझं तिच्याबद्दल वाईट मत नाही. मी तिच्यासाठी रकाने आखले, घड्याळ कोणी धरायचं ते ठरवलं, उडी टाचेपासून मोजायची की बोटांपासून, याचा नियम लिहून काढला. पालकांमध्ये माझा मान वाढला. कोणाचा वाद झाला की प्रशिक्षक म्हणत, "वहीत बघा. वही साहेबांकडं हाय."

चौदा वर्षांखालच्या मुलींत दोघीच खऱ्या अर्थाने स्पर्धेत होत्या. एक माझी मुलगी. दुसरी तिच्याच वयाची, तिच्याच वर्गातली, क्लबचे जुने स्केट वापरणारी. बूट एक माप मोठे होते. पुढे कापड कोंबून ती ते घालायची. तिचे वडील वीज कंपनीत वायरमन, बदली शिरूर अनंतपाळला, मूळ गावाच्या बाजूला. ते आठवड्यातून एकदा घरी येत. आई घरी शिवणकाम करायची. ते घर बौद्धांचं होतं, आमचं ब्राह्मणांचं. बातमीत मी हे लिहिलं नसतं. इथे लिहितो आहे, कारण आमच्या कॉलनीत बोअर होता आणि त्याला त्या उन्हाळ्यातही पाणी होतं. त्यांच्या वस्तीत नळ होता आणि त्याला पाणी नव्हतं.

दिवाळीनंतरच्या चाचणीत ती मुलगी पहिली आली होती. जवळजवळ सगळ्याच बाबींत. भिंतखुर्चीत बाकीच्या मुली एकेक करून खाली बसल्या, माझी मुलगीही बसली, आणि ही तशीच. प्रशिक्षक जांभई देऊन म्हणाले, "आता उतर गं बाई, मला शाळा हाय." ती म्हणाली, "सर, तुम्ही जावा. मी बसते." सगळे हसले. मीही हसलो, आणि वेळ लिहिली.

राज्य स्पर्धेसाठी त्या गटात जिल्ह्यातून एकच मुलगी जाणार होती. निवड उन्हाळ्यातल्या चाचणीवर होती. दोघींनाही पुढच्या वर्षी हा गट सोडावा लागणार होता, म्हणजे ही एकच संधी. राज्याचं प्रमाणपत्र म्हणजे काय, हे लातूरमध्ये कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दहावीला वाढीव गुण, पुढे नोकरीतली खेळाडूंची राखीव जागा. त्या मुलीच्या आईने मला एकदा सांगितलं होतं, "भाऊ, हिच्या बापानं खांबावर चढून चढून गुडघे घालवले. हिचे गुडघे तरी कामाला येऊ द्या."

आता तारखेबद्दल.

टँकर कोणत्या भागात कोणत्या वारी, याची यादी रोज संध्याकाळी आमच्या कार्यालयात यायची. ती नीट लावून छापायचं काम माझ्याकडे होतं. त्या काळात अग्रलेखापेक्षा ती यादी जास्त वाचली जायची. एका भागाचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी बायका कार्यालयाच्या पायऱ्यांवर घागरी घेऊन बसत. म्हणून मी ती तीनदा तपासायचो. त्या मुलीच्या वस्तीचा वार गुरुवार होता. टँकर पहाटे यायचा, वस्तीच्या तोंडाशी रस्त्यावर उभा राहायचा, आणि तिथून पाणी चढावर वाहून न्यावं लागायचं.

हे मला आणखी एका ठिकाणाहून माहीत होतं. सकाळच्या नाडीचे आकडे पालक घरून चिठ्ठीवर लिहून पाठवत. तिच्या आईच्या चिठ्ठीवर सहा दिवसांचे आकडे असत आणि गुरुवारसमोर एकच शब्द: पाणी. मुलगी त्या दिवशी अंधारात उठून धावत सुटायची, नाडी मोजायला अंथरुणात थांबणार कुठून? वहीत मी तो चौकोन रिकामा सोडत होतो. सलग चार आठवडे मी स्वतःच्या हाताने तो रिकामा सोडला होता.

प्रशिक्षक म्हणाले, "साहेब, तारीख तुम्हीच सांगा. तुम्हाला सुट्टी कवा असते?"

माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असायची. मी म्हणालो, "गुरुवार."

मंगळवारी मोंढ्यात थोडीफार आवक असते, असं कारण मी दिलं. थोडीफार आवक कोणत्याही दिवशी असायची. मी ठरवून केलं का? तो शब्द तोंडातून जाण्यापूर्वी मी मनात काही वाक्य केलं नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगू शकतो. पण दुसऱ्या कोणी मला ही हकिकत सांगितली असती, तर मी त्याच्या शपथेला बातमीत जागा दिली नसती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मुलं जमली. ती मुलगी शेवटी आली, आईबरोबर, जवळजवळ पळत. सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. त्या वर्षी ओले कपडे कोणाच्याच अंगावर दिसत नसत.

प्रशिक्षक म्हणाले, "काय गं, आंघोळ करून आलीस? श्रीमंत झालात की!"

मुलं हसली. ती पण हसली. "टँकर आलता, सर. चारला आला. टिपाड भरलं, मग शेजारच्या आजीचं पण भरलं."

"आजीचं कशाला?"

"आजीला चढ चढवत न्हाई, सर."

तिची आई माझ्यापाशी आली. वही माझ्या हातात होती म्हणून माझ्यापाशी. पदराने हात पुसत म्हणाली, "भाऊ, उद्या घेतलं तर न्हाई का जमणार? पोरगी पहाटपासून पाणी वाहायलीय. पायात गोळे आलेत तिच्या."

मी म्हणालो, "ताई, नियम सगळ्यांना सारखा."

प्रशिक्षक जवळ आले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना तारीख बदलायची होती, असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. "साहेब, काय करायचं?" ते म्हणाले. मी म्हणालो, "एकीसाठी आज बदललं तर उद्या दुसरी मागेल. मग वहीला काय अर्थ राहिला?"

वहीचं नाव ऐकल्यावर ते मुलांकडे वळले. "चला, लागा रांगेत," ते म्हणाले.

चाचणी मी नेहमीपेक्षा काटेकोर घेतली. उडी दोनदा मोजली. नाडी मोजताना सेकंदकाट्यावरून नजर हलवली नाही. त्या मुलीची उडी दिवाळीपेक्षा वीतभर कमी भरली. धावेत ती सातव्या मिनिटाला चालायला लागली, मग परत धावली. भिंतखुर्चीत एका मिनिटातच तिच्या मांड्या थरथरायला लागल्या. तिने खालचा ओठ दातात धरला होता. "सर, किती झालं?" असं तिने विचारलं. घड्याळ माझ्याकडे होतं, म्हणून मी सांगितलं, "एक मिनिट अकरा." ती घसरून खाली बसली. पायरीनंतरची तिची नाडी खाली यायलाच तयार नव्हती. शेवटची स्केटवरची फेरी मात्र तिने जिंकली, मोठ्या बुटांसकट.

बेरीज केली. माझी मुलगी दोन अंकांनी पुढे होती. मी ती बेरीज प्रशिक्षकांकडून तपासून घेतली, आणखी एका पालकाकडून तपासून घेतली. त्या पानावर एकही आकडा चुकीचा नव्हता.

त्या मुलीची आई बोअरच्या पाण्याने भरलेली माझ्या मुलीची बाटली बघत उभी होती, असं मला आठवतं. ती खरंच बाटलीकडे बघत होती की नुसती समोर, हे मी सांगू शकत नाही. मी तिला म्हणालो, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. उदगीर नवा जिल्हा होतोय. तुमचं गाव शिरूर अनंतपाळकडचं. तालुका तिकडे गेला की तुमची पोरगी नव्या जिल्ह्याकडून खेळेल. तिथं कोण आहे तिच्यासमोर?"

"खरंच होतंय का, भाऊ?"

"हालचाली चालू आहेत," मी म्हणालो.

नव्या जिल्ह्याच्या हालचालींना वेग, ही बातमी मी स्वतः तीन-चार वेळा लावली होती. ती बातमी पानात जागा उरली की लावायची असते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. तिने मान हलवली. मुलीला म्हणाली, "चल, काका सांगायलेत ना, नवा जिल्हा होतोय." दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात चार ओळी आल्या. 'निवड सर्वंकष तंदुरुस्तीच्या निकषांवर करण्यात आली,' हे त्यातलं शेवटचं वाक्य. ते माझं होतं.

निवड झालेल्या मुलांचं तीन दिवसांचं सराव शिबिर नांदेडला होतं. मुलीला घेऊन मी एसटीने गेलो. विष्णुपुरीच्या बाजूला रुंद डांबरी रस्त्यावर सकाळी सराव व्हायचा. पलीकडे धरणात पाणी तळाला गेलेलं दिसायचं. पहिल्याच दिवशी शिबिराच्या मार्गदर्शक बाईंनी मुलांना बसवून सांगितलं की, चाचणी म्हणजे शरीराला विचारलेला प्रश्न. दमलेल्या शरीराला विचाराल तर खोटं उत्तर मिळेल. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी जड काम नाही, झोप पुरी, पाणी पुरेसं. यातलं काही झालं नसेल तर त्या मुलाची चाचणी घ्यायचीच नाही, पुढे ढकलायची. मुलांनी हे वहीत उतरवून घेतलं.

चहाच्या टपरीपाशी मुलगी माझ्या शेजारी बसली. बुटांचे बंद सोडत म्हणाली, "बाबा, हे आपल्याकडे का नाही सांगत?"

"आपल्या सरांनी काही एवढी शिबिरं केलेली नाहीत."

"गुरुवारी त्यांचा टँकर असतो."

"कोणाचा?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत आहे कोणाचा."

मी चहा घेतला. ती म्हणाली, "यादी तुम्हीच लावता ना?"

लोकांना प्रश्न विचारण्यात माझं आयुष्य गेलं होतं. उत्तर टाळणारा माणूस कोणत्या शब्दांनी टाळतो, हे मला चांगलं माहीत होतं. मी तेच शब्द वापरले. म्हणालो, "यादी रोजची असते. कुठला वार कुठल्या भागाचा, हे लक्षात राहत नाही."

"मला राहतो," ती म्हणाली. मग स्केट पिशवीत टाकून, "तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगा. नाहीतर मी सांगते."

लातूरला आल्यावर दोन दिवसांनी मी गेलो. दुपार होती. एका खोलीचं घर, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खिडकीपाशी शिलाई मशीन. आई म्हणाली, "या भाऊ, जयभीम. बसा." मी बसायच्या आत तिने टिपाडाचं झाकण काढलं, तांब्या बुडवला आणि पाणी आणून दिलं. पूर्ण भरलेला तांब्या. त्या दिवसांत लोक पाहुण्याला अर्धं भांडं द्यायचे आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. मी सगळं प्यायलो.

सांगायचं वाक्य मी रस्त्याने तयार केलं होतं. ते म्हणायच्या आधीच तिने विचारलं, "भाऊ, बरं झालं तुम्ही आलात. पोरीचं काय कमी पडलं, ते तरी सांगा. नव्या जिल्ह्याच्या वेळी करून घेईल."

तिची मुलगी दप्तरातून वही आणि पेन काढून माझ्यासमोर येऊन बसली.

आणि मी सांगायला लागलो. जांघेच्या, मांडीच्या स्नायूंची सहनशक्ती वाढवायला हवी. भिंतखुर्ची रोज, दर आठवड्याला दहा सेकंद वाढवत. नाडी लवकर खाली यायची तर हळू धाव जास्त वेळ. ती लिहून घेत होती. तिचं अक्षर चांगलं होतं. मध्येच वर बघून तिने विचारलं, "काका, पाणी वाहून मांड्या भक्कम व्हायला पाहिजेत ना?"

मी म्हणालो, "होतात. पण मध्ये विश्रांती लागते. विश्रांतीशिवाय ताकद दिसत नाही."

"विश्रांती कोणत्या वारी घ्यायची?"

ती हसत नव्हती, रागातही नव्हती. पेन कागदावर टेकवून थांबली होती. तिची आई मशीनवर पडलेले दोऱ्याचे तुकडे गोळा करायला लागली. मी म्हणालो, "ते आईला विचारून ठरव." तिने ते लिहिलं नाही. मी उठलो.

घरी मुलीने विचारलं, "सांगितलं?"

मी म्हणालो, "हो."

दुसऱ्या दिवशी सरावाहून ती एकटीच, चालत आली. स्केट पिशवीत होते. माझ्याकडे न बघता आईला म्हणाली, "मी राज्याला जाणार नाही. सरांना सांगून आले." मग माझ्याकडे वळली. "मी तिला म्हटलं, बाबांनी सांगितलं ना तुला, सॉरी. तर ती म्हणाली, काय सांगितलं? मग मीच सांगितलं सगळं." मग तिने पुढचं सांगितलं. त्या मुलीला आणि तिच्या आईला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टँकरचा वार त्यांना आमच्याच पेपरातून कळायचा. यादी कोण लावतं, हे माझ्या मुलीने कधीतरी कौतुकाने वर्गात सांगितलेलं होतं. तरी त्या मुलीच्या आईने मोंढ्यात माझ्याकडे हात पुसत विनंती केली होती. तारीख बदलू या, असं मला स्वतःहून म्हणता यावं म्हणून.

मी प्रशिक्षकांकडे गेलो. म्हणालो, दुसऱ्या मुलीचं नाव पाठवा. नावं पाठवायची मुदत आदल्या दिवशी संपली होती. त्यांनी फोन केले, दोन ठिकाणी, माझ्यासमोर. जमलं नाही. त्या वर्षी त्या गटात आमच्या जिल्ह्याकडून कोणीच गेलं नाही.

प्रशिक्षक माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते वही हातात घेऊन पानं उलटत बसले. मग म्हणाले, "साहेब, आकडा एक बी चुकला न्हाई बघा. पोरी दोन्ही गेल्या."

वही त्यांनी परत दिली नाही. मीही मागितली नाही. माझी मुलगी काही महिन्यांनी पुन्हा स्केटिंग करायला लागली, पण मला सोडायला येऊ नका म्हणाली. दुसरी मुलगी आली नाही. पाऊस झाला, मोंढ्यात पुन्हा पोती आली आणि सराव दुसरीकडे गेला. तिचे मोठे बूट क्लबने आणखी एका मुलीला दिले. उदगीर जिल्हा झाला नाही. त्याच्या हालचालींची बातमी पुढेही आली की मी ती लावत राहिलो, कारण ते माझं काम होतं. त्या घराकडे मात्र मी पुन्हा गेलो नाही. तिथे काय म्हणायचं, ते मला तेव्हाही माहीत होतं, आणि आजही माहीत आहे.